अपघात विभागाचं काम कशावर मोजतात? सिस्टर, ब्रदर आणि डॉक्टरांनाही हे माहीत असायला हवं

पाऊस उघडला की रानात सापांची वर्दळ वाढते. शेतीपंपाची लाईट रात्रीची. मोटार चालू करायला गेलेल्या शेतकऱ्याच्या पायाला काहीतरी चावतं. घरचे त्याला मोटारसायकलवर मध्ये बसवून ग्रामीण रुग्णालयात आणतात. दारात पोचतात तेव्हा रात्रीचे १ वाजून ४० मिनिटं झालेली असतात. सिस्टर धावत येते, डॉक्टरांना बोलावते. रक्त काढून काचेच्या कोरड्या नळीत ठेवलं जातं. २० मिनिटं नळीला हात लावायचा नाही. त्यानंतर नळी तिरकी करून बघतात. रक्त गोठलेलं नाही, म्हणजे विष चढलंय. प्रतिविष सुरू होतं आणि माणूस वाचतो.

सकाळी केसपेपरवर मात्र एकच वेळ दिसते : 'रात्री २ वा.'

दारात कधी आला, पहिल्यांदा कोणी कधी तपासलं, रक्त कधी काढलं, प्रतिविषाची पहिली बाटली कधी लागली, यातलं काहीच कागदावर नाही. त्या रात्री काम चपळाईने झालं असेल, तरी त्याचा पुरावा नाही. उलट एखाद्या रात्री पाऊण तास वाया गेला असेल, तर तोही कुठे दिसणार नाही. लवकर झालं की उशिरा, हे त्या कागदावरून कोणालाच सांगता येणार नाही.

हे चित्र एखाद्या ठरावीक दवाखान्याचं नाही, समजून घेण्यासाठी घेतलेलं उदाहरण आहे. पण अपघात विभागाचं काम मोजण्याचा सगळा प्रश्न या एका केसपेपरवर दिसतो. काम मोजण्याची मापं ठरलेली आहेत. त्या मापांचे आकडे वॉर्डातल्या सिस्टर, ब्रदर आणि डॉक्टरांच्या नोंदींतूनच तयार होतात. त्यांनाच ही मापं ठाऊक नसतील, तर वर जाणाऱ्या आकड्याला अर्थ उरत नाही.

मापं म्हणजे नेमकं काय?

सरकारी दवाखान्यांसाठी केंद्र सरकारने २०१३ मध्ये राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं आणली. दवाखान्यात त्यांना 'एनक्यूएएस' या नावाने ओळखतात. सुरुवात जिल्हा रुग्णालयांपासून झाली, पुढे ती ग्रामीण रुग्णालयं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत आली. यात प्रत्येक विभागाची वेगळी तपासणी यादी असते आणि अपघात विभागाचीही आहे. यादीतल्या प्रत्येक मुद्द्याला ०, १ किंवा २ गुण देतात. काहीच नसेल तर शून्य, अर्धवट असेल तर एक, पूर्ण असेल तर दोन. राष्ट्रीय प्रमाणपत्रासाठी एकूण किमान ७० टक्के गुण लागतात.

या यादीचे आठ भाग आहेत. शेवटचा भाग निकालाचा, म्हणजे प्रत्यक्षात काय साधलं याचा. त्यात चार प्रकारची मापं येतात.

पहिलं माप कामाच्या भाराचं. महिन्यात किती रुग्ण आले, त्यात रात्रीचे किती, जखमी किती, विषबाधेचे किती.

दुसरं वेगाचं. रुग्ण दारात आल्यापासून पहिली तपासणी होईपर्यंत किती वेळ गेला, ॲम्ब्युलन्स किती वेळात मिळाली, किती रुग्ण पुढे रेफर करावे लागले.

तिसरं उपचार आणि सुरक्षिततेचं. किती मृत्यू झाले, उपचारात काही चूक किंवा अनुचित घटना घडली का.

चौथं रुग्णाला मिळालेल्या सेवेचं. डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सुट्टी घेऊन किती जण गेले, ज्याला दवाखान्यात 'डामा' किंवा 'लामा' म्हणतात, आणि किती जण न सांगताच निघून गेले.

यांनाच दवाखान्याच्या भाषेत 'इंडिकेटर' किंवा 'केपीआय' म्हणतात. नाव जड वाटलं, तरी प्रश्न साधाच आहे : आपला विभाग चांगला चालतोय, हे कशावरून म्हणायचं?

तपासणीवाले सिस्टरलाही विचारतात

बऱ्याच जणांचा समज असा की तपासणी म्हणजे फाईल नीट लावणं आणि भिंती रंगवणं. या मानकांची तपासणी मात्र चार मार्गांनी होते. डोळ्यांनी पाहणं, रेकॉर्ड बघणं, रुग्णांशी बोलणं आणि कर्मचाऱ्यांशी बोलणं. त्यामुळे ड्युटीवरच्या सिस्टरला, ब्रदरला, कक्षसेवकालाही थेट प्रश्न येऊ शकतो. एकदम दहा जखमी आले तर आधी कोणाला बघाल? तुमच्या विभागाचे इंडिकेटर कोणते? गेल्या महिन्यात रेफर किती झाले?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अनुभवी सिस्टर झोपेतही देईल. श्वास अडकलेला आणि रक्त वाहणारा आधी, चालत आलेला नंतर. यालाच 'ट्रायज' म्हणतात. लाल, पिवळा, हिरवा अशा रंगांत रुग्णांची विभागणी करायची. काम हाताला बसलेलं असतं. अडचण येते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाला. रेफर रजिस्टर रोज भरणाऱ्या माणसाला त्या रजिस्टरमधून पुढे कोणता आकडा निघतो आणि तो कशाने भागून काढतात, हे कोणी सांगितलेलंच नसतं.

प्रमाणपत्र मिळालं तर दवाखान्याला पैसाही मिळतो. जिल्हा रुग्णालयासाठी दर खाटेमागे वर्षाला १० हजार रुपये, असा हिशेब आहे. त्यातला २५ टक्के वाटा कर्मचाऱ्यांना प्रोत्साहन म्हणून देता येतो आणि उरलेला दवाखान्यातल्या त्रुटी दूर करायला वापरायचा असतो. म्हणजे हे आकडे समजून घेण्यात कर्मचाऱ्यांचाही फायदा आहे.

मिनिटांचं महत्त्व का?

भार मोजणं सोपं, कारण रजिस्टरमधल्या ओळी मोजल्या की झालं. दर महिन्याला 'एचएमआयएस' या सरकारी पोर्टलवर जाणारी माहितीही मुख्यतः संख्येची असते. जखमी किती, भाजलेले किती, सर्पदंश किती, हृदयविकाराचे किती, मृत्यू किती. पण अपघात विभागात जीव वाचतो तो मिनिटांवर.

छातीत दुखणारा माणूस आला तर १० मिनिटांच्या आत त्याचा ईसीजी निघायला हवा, असा वैद्यकीय दंडक आहे. मोठा झटका असेल आणि अँजिओप्लास्टीची सोय वेळेत मिळण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लवकरात लवकर द्यायचं असतं. रुग्ण दारात आल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ते लागावं, असं धरतात. पक्षाघातात गुठळीवरचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्यासाठी आधी सीटी स्कॅन हवा. तालुक्याच्या ठिकाणी तो नसेल, तर रुग्णाला तिथे किती वेळ ठेवलं, यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं.

सर्पदंशातही तेच. २० मिनिटांची रक्ताची चाचणी रक्त काढल्यावर सुरू होते, रुग्ण दारात आल्यावर नाही. दारापासून नळीपर्यंत अर्धा तास गेला, तर २० मिनिटांची चाचणी प्रत्यक्षात ५० मिनिटांची होते. घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाच्या रक्तावर विष तेवढा वेळ काम करत राहतं. मण्यारची गोष्ट आणखी वेगळी. दुखत नाही, सूज नाही, फक्त पापण्या जड होतात. तिथे नळीपेक्षा नजर महत्त्वाची, आणि पापणी पहिल्यांदा कधी बघितली त्याची वेळ लिहिणं महत्त्वाचं.

म्हणून केसपेपरवर निदान चार वेळा लागतात : दारात आला ती, पहिली तपासणी झाली ती, मुख्य उपचार सुरू झाला ती, आणि वॉर्डात गेला किंवा रेफर झाला ती. या चार वेळा असल्या की वेगाची जवळपास सगळी मापं आपोआप निघतात. त्या नसतील, तर महिन्याअखेरी कोणीतरी अंदाजाने आकडा भरतो.

मग माहिती का नसते?

याला कर्मचाऱ्यांचा आळस म्हणणं अन्यायाचं होईल. रात्रपाळीत एक सिस्टर, एक डॉक्टर आणि एक कक्षसेवक, त्यात ओपीडी संपल्यावरचे साधे तापाचे रुग्णही अपघात विभागातच. एकीकडे सलाईन, दुसरीकडे पोलिसांची एमएलसी, तिसरीकडे नातेवाइकांचा आरडाओरडा. अशा वेळी घड्याळ बघून मिनिट लिहिणं हे काम मागे पडतं.

दुसरं कारण, ड्युट्या बदलत राहतात. गुणवत्तेचं प्रशिक्षण घेऊन आलेली इन्चार्ज सिस्टर बदलून गेली की तिच्याबरोबर माहितीही जाते. कंत्राटी कर्मचाऱ्यांपर्यंत ते प्रशिक्षण अनेकदा पोचतच नाही. याद्या आणि सूत्रं बहुतेक इंग्रजीत.

तिसरं कारण सगळ्यात मोठं. आकडा वर जातो, खाली परत येत नाही. रजिस्टर ऑफिसात जातं, तिथून जिल्ह्याला, तिथून पुढे. ज्या सिस्टरने रात्री जागून ती नोंद केली, तिला महिन्याअखेरी कोणी सांगत नाही की बाई, या महिन्यात आपला पहिल्या तपासणीचा वेळ कमी झाला. आकडा तिच्यापर्यंत येतो तो फक्त तक्रार झाली किंवा चौकशी लागली की. मग नोंद म्हणजे आपल्यावर शेकणारी गोष्ट, असं वाटू लागतं. माणूस मोघम लिहायला शिकतो. 'रात्री २ वा.' ही मोघम नोंद त्या भीतीतूनही येते.

आकडा फसवतो तो असा

माप माहीत असणं म्हणजे नुसतं नाव पाठ असणं नाही. ते कसं निघतं हे कळलं, तरच त्यातली चूक दिसते.

समजा, महिन्याला अपघात विभागात ४०० रुग्ण आले आणि ६० रेफर झाले. रेफरचं प्रमाण १५ टक्के. पण २० जणांना गाडीतच बघून, केसपेपर न काढता 'सिव्हिलला न्या' म्हणून सांगितलं असेल, तर ते कुठेच नाहीत. ते धरले तर ४२० पैकी ८० रेफर, म्हणजे सुमारे १९ टक्के. कागदावर दवाखाना चांगला दिसतो, आणि त्या २० जणांचं पुढे काय झालं हे कोणालाच कळत नाही.

सरासरीचंही तसंच. नऊ रुग्णांना प्रत्येकी ५ मिनिटांत बघितलं आणि दहाव्याला ७५ मिनिटं थांबावं लागलं, तर सरासरी येते १२ मिनिटं. आकडा छान आहे. पण तो दहावा छातीत दुखणारा असेल तर?

रेफर कमी म्हणजे चांगलं, असंही नाही. सर्जन नसताना पोटात रक्तस्राव झालेला रुग्ण दोन तास ठेवून घेतला, तर रेफरचा आकडा कमी होईल, पण माणूस जाईल. योग्य रुग्ण लवकर पुढे पाठवणं हे चांगल्याच कामाचं लक्षण. तसंच रेफर करायच्या रुग्णाच्या नातेवाइकांची सही घेऊन 'डामा' लिहिलं, तर रेफर घटतात आणि डामा वाढतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघणाऱ्यालाच हे उमगतं.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य सेवेने अपघात विभागात आलेला रुग्ण चार तासांच्या आत दाखल व्हावा, घरी जावा किंवा पुढे पाठवला जावा, असं उद्दिष्ट ठेवलं. २००४ पासून ९८ टक्के रुग्णांसाठी ते पाळायचं होतं, २०१० मध्ये ते ९५ टक्क्यांवर आणलं. सुरुवातीला थांबण्याचा वेळ खरोखर कमी झाला. पण चार तास भरायच्या आधीच्या काही मिनिटांत रुग्ण हलवण्याची एकदम घाई दिसू लागली. रुग्णाची तब्येत बघण्याऐवजी घड्याळ बघितलं जातंय, अशी टीका झाली. पुढे गर्दी वाढली, खाटा अपुऱ्या पडल्या, आणि जुलै २०१५ नंतर देशपातळीवर ते ९५ टक्क्यांचं उद्दिष्ट पूर्ण झालेलं नाही. उद्दिष्ट ठेवणं चूक नव्हतं. पण ते कशासाठी आहे हे काम करणाऱ्याला पटलेलं नसेल, तर तो फक्त आकडा सांभाळतो.

नोंदीतून जीव वाचल्याचं उदाहरण आपल्याच राज्यातलं

नोंद म्हणजे कागदी काम, असं वाटणाऱ्यांनी महाडकडे बघावं. १९७० च्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. कोकणात लाल विंचू चावून माणसं, विशेषतः लहान मुलं दगावायची. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, धाप यांच्या नोंदी ठेवल्या. कोणत्या वेळी काय बदलतं हे त्या नोंदींतून उलगडत गेलं, आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध विंचूदंशावर वापरात आलं. ४० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्यापर्यंत खाली आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे काम सुरू झालं ते एका ग्रामीण आरोग्य केंद्रात, वेळेवर केलेल्या नोंदींतून.

दवाखान्यात काय करता येईल?

यासाठी मोठा निधी लागत नाही.

अपघात विभागात सगळ्यांना दिसेल असं एकच घड्याळ हवं आणि वेळ त्याच्यावरूनच लिहायची. एकाने मोबाईल, दुसऱ्याने मनगट बघितलं तर मिनिटं जुळत नाहीत.

केसपेपरवर चार वेळांचा रबरी शिक्का मारला की रात्री आठवण करून द्यावी लागत नाही. रिकामी चौकट स्वतःच बोलते.

सगळी मापं एकदम नकोत. आपल्या विभागापुरती चार-पाच निवडावीत. पहिल्या तपासणीचा वेळ, ईसीजीचा वेळ, सर्पदंशात प्रतिविषाचा वेळ, रेफरचं प्रमाण, डामाचं प्रमाण. ती मराठीत, सूत्रासह, ड्युटी रूमच्या भिंतीवर लावावीत. शेजारी गेल्या तीन महिन्यांचे आकडे खडूने लिहावेत.

पाळी बदलताना रुग्णांची माहिती देतातच. आठवड्यातून एकदा त्याच वेळी दहा मिनिटं एका आकड्यावर बोलावं. कोणाचं चुकलं यापेक्षा वेळ कुठे गेला हे विचारावं. किल्ली कपाटाच्या मालकाकडे होती म्हणून प्रतिविष उशिरा निघालं, असं कळलं तर उपाय किल्लीचा करायचा. सिस्टरला नोटीस देऊन वेळ वाचत नाही.

आणि नवीन आलेल्या प्रत्येकाला, मग तो कंत्राटी असो की कक्षसेवक, पहिल्याच आठवड्यात हे समजावून सांगावं. स्ट्रेचर दारात किती लवकर पोचतं, हे शेवटी कक्षसेवकाच्याच हातात असतं.

रुग्ण आणि नातेवाइकांनी काय करावं?

घरातून निघाल्याची, साप चावल्याची किंवा छातीत दुखू लागल्याची वेळ लक्षात ठेवा आणि दवाखान्यात पहिल्यांदा तीच सांगा. १०८ ला फोन केला असेल तर ती वेळही. ही सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि ग्रामीण भागात साधारण ३० मिनिटांत पोचणं अपेक्षित धरलेलं आहे. पण गाडी दारात आली की १०८ चं घड्याळ थांबतं आणि दवाखान्याचं सुरू होतं.

रेफर करताना चिठ्ठी मागून घ्या. त्यावर आल्याची आणि निघाल्याची वेळ, दिलेली औषधं आणि रक्ताच्या चाचणीचा निकाल लिहिला आहे का, तेवढं बघा. पुढच्या डॉक्टरांना त्या चिठ्ठीचा खरा उपयोग होतो. 'डामा'च्या कागदावर सही करण्याआधी तो काय आहे हे विचारा. दवाखानाच पुढे पाठवत असेल, तर तो रेफर आहे.

आरडाओरडा केल्याने वेळ वाचत नाही, उलट जातो. पण नंतर शांतपणे प्रश्न विचारता येतो. प्रत्येक सरकारी दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते. समितीवरच्या सदस्यांना विचारा : आपल्या अपघात विभागात पहिल्या तपासणीला किती वेळ लागतो? रात्री किती रेफर होतात? माहिती अधिकारातही हे आकडे मागता येतात. लोक विचारू लागले की आकडे नीट ठेवले जातात, आणि ते नीट ठेवले गेले की मनुष्यबळाची मागणी करायलाही दवाखान्याच्या हातात पुरावा येतो. 'रात्री एकच सिस्टर आहे' या तक्रारीपेक्षा 'एक सिस्टर असते त्या रात्री पहिल्या तपासणीला दुप्पट वेळ लागतो' हे वाक्य वरच्या टेबलावर जास्त ऐकलं जातं.

पुढच्या वेळी रात्री १ वाजून ४० मिनिटांनी मोटारसायकल दवाखान्याच्या दारात थांबेल, तेव्हा केसपेपरवर १.४० लिहिलं जावं. त्याखाली तपासणी १.४५, रक्त १.४८, प्रतिविष २.१२. या चार ओळी लिहायला अर्ध मिनिटही लागत नाही. पण त्या रात्री ड्युटीवरच्या माणसांनी किती धावपळ केली, हे दाखवणारा तेवढाच कागद असतो.